काडीताईचं शंभर टक्के

गल्लीत तिला सगळे काडीताई म्हणतात. तोंडावर नुसतं ताई, पाठ फिरली की काडीताई. ती काडीसारखी बारीक आहे म्हणून हे नाव पडलेलं नाही. बाई चांगली अंगापिंडाने भरलेली आहे. लोकांच्यात काड्या घालत हिंडते म्हणूनही नाही. तेवढी सवड आहे कुणाला? नाव पडलं ते तिच्या खिशातल्या काडीपेटीमुळे. कुठलंही कापड दिसलं की तिची बोटं शिवशिवतात. हळूच कडेचा एक धागा उपसायचा, काडी ओढायची, धागा जाळायचा आणि हुंगायचा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटावर मऊ राख उरली तर सुती. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला तर प्लास्टिक. मग तो मणी ती नखाने टकटक वाजवून समोरच्याला दाखवते. समोरच्याने काही विचारलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

लेकीने पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा बिचारा खास नवा शर्ट घालून आला होता. "शंभर टक्के सुती आहे," असं कौतुकाने म्हणाला आणि तिथेच फसला. पाच मिनिटांत त्याच्या बाहीचा धागा बशीत, आणि बशीत मणी! लेक आतल्या खोलीत कपाळाला हात लावून बसली. काडीताईचा नवरा म्हणाला, "अगं, पोराला बघायचंय की पोराच्या शर्टाला?" तरीही मुलाने लग्न केलं, म्हणजे मुलगा खरंच चांगला असणार. हल्ली सासुरवाडीला येताना तो शर्टाची पावती खिशात ठेवून येतो म्हणतात.

ही खोड तिला लागली ती शाळेच्या प्रयोगशाळेत. तिथे ती वीस वर्षं मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, मुलांनी सांडलेलं पुसायचं आणि कुणाचं लक्ष नसेल तेव्हा चिमटीत काहीतरी धरून जाळून बघायचं. लेक बारा वर्षांची असताना तिला सारख्या शिंका यायच्या. डॉक्टर म्हणाले, गादी बदलून बघा. दुसरी बाई दुकानात गेली असती. हिने घरातली स्पंजची गादी सुरीने फाडली, वीतभर तुकडा कापला आणि स्वयंपाकघरात पेटवला. असा काही धूर झाला की घरचे सगळे खोकत रस्त्यावर, शेजाऱ्यांनी बंब बोलावला. बंबवाल्याने तिला भर रस्त्यात झापझाप झापलं. आणि ती झापणी ऐकता ऐकता बाईने ठरवलं की आता आपण स्वतःच गाद्या करायच्या, त्याही नुसत्या कापसाच्या.

ठरवायला काय जातंय! गादी भरायची कशी, हे तिला कुठे ठाऊक होतं? पुस्तकं वाचून, तीन आठवडे खपून तिने पहिली गादी केली. कापूस जाळून बघितला, खोळीचं कापड जाळून बघितलं, घरातल्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि टाके घातले. मग बाजारामागच्या गल्लीत राहणाऱ्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. आयुष्यभर गाद्या शिवायचं दाभण हातात धरलेला माणूस, म्हणून त्याला सगळे दाभणमामा म्हणत. मामांनी गादीभोवती एक फेरी मारली. वाकून टाके बघितले. कडेवर बसले, उठले.

"ही विकू नका," मामा म्हणाले.

"का हो?"

"मी नेतो ही. उद्यापासून कामाला येतो."

एवढं बोलून त्यांनी गादीची वळकटी केली आणि खांद्यावर टाकून चालते झाले. गादी एका अंगाला कललेली होती, हे काडीताईला दिसत होतं. लोकांच्या पाठीचं वाटोळं नको, म्हणून मामांनी ती आपल्या गळ्यात बांधून घेतली, असं ती पुढे चौदा वर्षं सगळ्यांना हसत हसत सांगायची.

चौदा वर्षांत घरामागच्या जुन्या गॅरेजचा कारखाना झाला. मोटारींच्या दुरुस्तीसाठी खणलेला खड्डा फळ्यांनी झाकला, वर चटया घातल्या. एका खोलीत कापूस, एका खोलीत खोळी, मधे मामांची बैठक. कापूस फवारणी न केलेला. खोळ न रंगवलेली. दुपारी जेवण झालं की कामावरच्या सगळ्यांनी अर्धा तास आडवं व्हायचं, सक्तीने. "गाद्या करणाऱ्याच्या डोळ्यांवर झोप राहिली तर ती टाक्यात उतरते," असं काडीताईचं म्हणणं. आणि प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने शिवलेलं लेबल: शंभर टक्के कापूस. शंभर टक्के खरं. त्यातल्या दुसऱ्या ओळीचा तिला भारी अभिमान. गिऱ्हाइकाला ती पहिली ओळ वाचू द्यायची आणि दुसरी स्वतः वाचून दाखवायची.

कारखान्यात मामांचा नियम एकच होता. काडी ओढायची तर दाराबाहेर, पायरीवर, टवके उडालेल्या पत्र्याच्या ताटलीत. आणि शेजारी पाण्याचं डबडं. "कापसाच्या खोलीत काडी म्हणजे आपणच आपली चिता रचायची," असं मामा म्हणायचे. इतर कुणाचं न ऐकणारी काडीताई हे मात्र निमूट ऐकायची.

आता मेणाचं प्रकरण सांगायला हवं, कारण घोटाळा तिथे झाला. गादीचा टाका म्हणजे शर्टाचं बटण नव्हे. दोरा दाभणात ओवून वरून खाली, खालून वर, वीतभर जाड कापसातून ओढून आवळायचा. नुसता सुती दोरा अशा ओढण्याने पिंजतो आणि तुटतो. म्हणून मामा दोऱ्यावरून आधी मेणाचा खडा फिरवायचे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई गादी बघायला आल्या होत्या. मामांचा हात चाललेला बघून त्या म्हणाल्या, "हे मेण मधमाश्यांचं ना? त्यांना विचारून घेतलंत का?"

एवढंच. बाई गादी घेऊन गेल्या, आणि आमची काडीताई दोन दिवस जेवली नाही. खरंच की! आपण विचारलं कुठे? तिसऱ्या दिवशी मेण बंद. मामा म्हणाले, "ताई, मेणाशिवाय दोरा टिकत नाही." ती फोनवर कापूसवाल्याशी भांडत होती. चार दिवसांनी मामा पुन्हा आले, हातात तुटलेले दोरे घेऊन. तेव्हाही ती फोनवरच होती. फोनवर हात ठेवून म्हणाली, "मामा, काहीतरी करा हो! पण दोरा तुटता कामा नये."

मामा "बरं" म्हणाले. त्यानंतर दोरा तुटला नाही. आणि ज्या बाईने जावयाची बाही सोडली नाही, तिने चौदा वर्षांत मामांचा दोरा एकदाही जाळून बघितला नव्हता. मामांचा दोरा काय बघायचा? घरच्या देवाला कुणी ओळखपत्र मागतं का?

यंदा शहरातल्या एका प्रसूतिगृहाला तान्ह्या बाळांसाठी साठ छोट्या गाद्या हव्या होत्या. अट एकच, सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र हवं. काडीताईने अर्ज केला आणि एका सकाळी तपासनीस आले. सडपातळ, शांत, दर दोन वाक्यांनी चष्मा पुसणारे गृहस्थ. दोन तास त्यांनी कापूस बघितला, खोळी बघितल्या, खरेदीचे कागद बघितले, फॉर्मातले रकाने एकेक करून भरले. सगळं चोख. शेवटी चहा झाला आणि त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

इथे गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. हात दाखवून अवलक्षण!

"साहेब, दोरा राहिला की!"

"दोऱ्याला रकाना नाही फॉर्मात," तपासनीस म्हणाले.

"रकाना नसेल. पण दोरा तर आहे ना? या बाहेर. जाळून दाखवते."

"ताई, राहू द्या," बैठकीवरून मामा म्हणाले.

तिला वाटलं, मामा लाजताहेत. "अहो, कौतुक करून घ्या जरा!" असं म्हणत तिने त्यांच्या पुढ्यातल्या रिळाचा हातभर दोरा तोडला, साहेबांना पायरीवर नेलं आणि ताटलीवर काडी ओढली. दोरा क्षणभर जळला. मग आक्रसला. टोकाला छोटासा, काळा, गोल मणी झाला.

सवयीने तिचं नख पुढे गेलं. टक टक.

आवाज ऐकून तिचं तिलाच कळलं, आपण काय वाजवतोय ते.

तपासनिसांनी चष्मा पुसला, आणि जरा जास्तच वेळ पुसला. "मी काही बघितलं नाही," ते हळूच म्हणाले. "रकानाच नाही."

काडीताई दारात वळली. "कधीपासून, मामा?"

"मेण बंद केलंत तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. दोनदा. तुम्ही म्हणालात, काहीतरी करा. मी काहीतरी केलं."

तेव्हा तरी तिने जीभ आवरायची होती. परक्या माणसासमोर ती म्हणाली, "चौदा वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याचं हे फळ?" मामांनी दाभण पुसून फडक्यात गुंडाळलं, खिशात ठेवलं, पायरीवरच्या वहाणा घातल्या आणि ताटलीला वळसा घालून निघून गेले.

"बाई, सही करू ना?" तपासनिसांनी विचारलं.

साठ गाद्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. कुणाला कळणार होतं? मामा बोलणार नव्हते, साहेबांनी काही बघितलं नव्हतं. दुसऱ्या ओळीत 'शंभर टक्के खरं' म्हणणारी लेबलं मात्र खोळींच्या ढिगावर रांगेने पडली होती, शिवायची वाट बघत. काडीताईला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"रकाना काढा," ती म्हणाली. "हाताने काढा. लिहा, दोरा नापास."

त्यांनी पट्टी घेऊन रकाना आखला आणि लिहिलं. प्रमाणपत्र तीन महिने पुढे गेलं. प्रसूतिगृहाने दुसरीकडून गाद्या घेतल्या.

दुपारी नवरा घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात भांड्यांवर राग काढत होती. मामा असे, मामा तसे, मामांनी केसाने गळा कापला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जेवायला काय आहे?"

"असेल काहीतरी, घ्या बघून!"

तो उठला, फळीवरून साखरेचा डबा काढला आणि चमचा घेऊन बसला. त्याला साखर वर्ज्य आहे. डबा तिनेच वर ठेवलेला.

"हे काय चाललंय?" ती ओरडली.

"तू म्हणालीस, काहीतरी घ्या. मी काहीतरी घेतलं."

काडीताईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. एरवी नवऱ्याच्या शहाणपणाला ती भीक घालत नाही. त्या दिवशी मात्र ती मटकन खाली बसली. नवऱ्याने तेवढ्यात दोन चमचे साखर खाऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामांच्या खोलीवर गेली. एक खिडकी, एक खुर्ची, भिंतीवर खुंटीला छत्री, आणि जमिनीवर ती पहिली गादी. एका अंगाला कललेलीच.

"अजून हिच्यावर झोपता?"

"सवय झाली," मामा म्हणाले. "आता सपाट गादीवर मी घरंगळतो."

गादीच्या एका टाक्याचा दोरा सुटून वर आला होता. तिची बोटं शिवशिवली, पण तिने हात मागे घेतला. आज तरी नको, बाई! खिशातून तिने मेणाचा खडा काढला आणि खुर्चीवर ठेवला.

"माझं चुकलं, मामा," ती एका दमात म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझं चुकलं म्हटलं."

"जरा मोठ्याने. हल्ली कमी ऐकू येतं."

मामांना मुंगी चाललेली ऐकू येते, हे गल्लीला ठाऊक आहे. तिने तिसऱ्यांदा, शेजारच्या खोलीतही जाईल अशा आवाजात सांगितलं. मग मामाही खाली बघत म्हणाले, "माझंही चुकलं. तुम्ही लेबल शिवायला बसलात की मी तोंड फिरवायचो. दोन वर्षं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं." त्यांनी खडा उचलला, हुंगला, आणि फडक्यातून दाभण काढलं.

वहीत बघून तिने मोजल्या. मेण बंद झाल्यापासून गेलेल्या गाद्या अडतीस. दोघं अडतीस घरांत गेले. बेल वाजवायची, खरं काय ते सांगायचं, गादी जमिनीवर घ्यायची, जुने टाके कापायचे आणि मेण लावलेल्या दोऱ्याने नवे घालायचे. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. "ताई, दोऱ्यावर कोण झोपतं हो?" एकीने विचारलं. एक निवृत्त पोस्टमास्तर गादीवरून उठेचनात, म्हणाले, "दीड वर्षाने आत्ता कुठे हिला माझी पाठ कळलीय." त्यांना एका कुशीवर वळवून मामांनी अर्धी गादी शिवली, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली.

अडतीस झाल्यावर मामांना घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. उभ्या उभ्याच सांगून टाकलं की आता मेण लावणार, मधमाश्यांना न विचारता लावणार, चालत नसेल तर गादी परत घेऊन जाते. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी गंमत केली होती."

मामांना ठसका लागला. पाणी पिऊनही तो बराच वेळ थांबेना. काडीताईने त्यांच्याकडे अजिबात बघितलं नाही.

तीन महिन्यांनी तपासनीस आले, तेव्हा फॉर्मात छापील रकाना होता: दोरा. "तुमच्यामुळे आता सगळ्यांचा बघावा लागतो," ते म्हणाले. काडीताईने खिशातून काडीपेटी काढली, क्षणभर घुटमळली आणि मामांच्या हातात दिली. पायरीवर मामांनी आपला दोरा आपल्या हाताने जाळला. राख झाली. साहेबांनी सही केली. प्रसूतिगृहाने साठ नाही, पण दहा गाद्या मागवल्या. कारखान्यात "काहीतरी" हा शब्द उच्चारायला बंदी झाली. घरी तर कडक.

त्या दुपारी सगळे आडवे झाले असताना ती नवी लेबलं घेऊन बसली. कापूस, खोळ, दोरा आणि मेण, अशी पहिली ओळ. दुसरी पूर्वीचीच. तीन महिने तिने ती लिहिली नव्हती.

"झाल्या ना मामा सगळ्या? आता लिहू शंभर टक्के?"

मामा चटईवर डोळे मिटून पडले होते. "एक राहिलीय," ते म्हणाले. "एकोणचाळीस."

"अडतीस. वहीत अडतीस आहेत."

"वहीत नाही ती. माझ्या घरी आहे."

"ती होय? ती माझी पहिली! तिला तुमचा कुठला दोरा? तिला तर माझा..." बोलता बोलता ती थांबली.

मामांनी पडल्या पडल्याच खिशातून एक सुटा दोरा काढून तिच्यापुढे धरला. ती उठून पायरीवर गेली. काडी ओढली. घरातल्या शिवणाच्या डब्यातला चौदा वर्षांपूर्वीचा दोरा ताटलीत आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा मणी झाला.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? म्हणून नेलीत?"

"बोटाला कळतं ना ताई. काडी कशाला लागते?"

"मग सांगितलं का नाहीत?"

मामांनी डोळे उघडले. "इतक्या खुशीत होतात तुम्ही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी सगळं सोडलं असतंत. म्हटलं, आपण नेऊ, दोरा आपण बघू, बाई शिकेल."

काडीताईने लेबलं बाजूला सारली. मामांच्या शेजारचं दाभण उचललं, दोऱ्यावरून मेणाचा खडा दोनदा नीट फिरवला आणि तो दाभणात ओवला.

"उठा," ती म्हणाली. "आधी तुमची शिवू."

"अर्धा तास झाला नाही अजून," मामा म्हणाले, आणि कूस बदलून झोपले. ती दाभण धरून, नाक ओढत, त्यांच्या उशाशी बसून राहिली.